आत्यानं वाचलेला ट्रेनर

माझ्या आत्याला रेसकोर्सवर सगळे वंशावळबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ओ देते. तिनं आयुष्यात कधी शर्यतीवर एक पैसा लावलेला नाही. घोड्यावर बसणं तर सोडाच, घोडा जरा जवळ आला की ती माझ्या पाठीमागे सरकते आणि पुटपुटते, "दात बघ मेल्याचे केवढे आहेत!" पण तुम्ही तिला शर्यतीच्या कुठल्याही घोड्याचं नाव सांगा. त्याची आई, आईची आई, तिचीही आई, त्यातली कोण कुठल्या पल्ल्यावर दमायची, कोणाला ओली माती मानवायची, कोणाची शिंगरं पहिल्या वर्षी नुसती गवत खातात आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांना धूळ चारतात, हे ती असं सांगेल की जणू शेजारच्या घरातल्याच गोष्टी. मला कोणी माझ्या पणजीचं नाव विचारलं तर मी छताकडे बघेन.

ही विद्या तिला कोणी शिकवली नाही. ती एका छापखान्यात प्रुफं तपासायची. शर्यतीच्या दिवशी लोक हातात घेऊन फिरतात ते रेसबुक तिथेच छापलं जायचं. कोणत्या शर्यतीत कोणते घोडे, त्यांचे आईबाप कोण, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, ट्रेनर कोण, सगळं मुंगीएवढ्या टाइपात. शिंगरांच्या लिलावाची जाडजूड सूचीपत्रकंही तिथलीच. आत्याचं काम फक्त नावांच्या चुका काढण्याचं. पण रोज तीच नावं डोळ्यांखालून जायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की जिंकणाऱ्यांच्या आयांची नावं फिरून फिरून तीच येतात. मग ती निकाल बघायला लागली. मग जुनी रेसबुकं घरी आणायला लागली. मग लग्न करायचं राहून गेलं. हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं आहे आणि ते सांगताना ती मनापासून हसते.

पुढे रेसच्या साप्ताहिकानं तिला सदर दिलं. येत्या रविवारी कोणत्या घोड्याकडून काय अपेक्षा ठेवायची, ते ती लिहायची. लोक तिच्या सदरावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे आणि हरले की तिलाच शिव्या घालायचे.

"आईबाप कळले म्हणजे अर्धंच कळलं," ती मला सांगायची. "घोडा कुठे पळायचं ते स्वतः ठरवतो का? ट्रेनर ठरवतो. कुठल्या पल्ल्यात घालायचा, किती आठवडे विश्रांती द्यायची, कुठला जॉकी बसवायचा, झापडं लावायची की नाही. माणूस तोंडानं काय वाटेल ते बोलतो गं. पण घोडा कुठे घातला, तिथे त्याला खोटं बोलता येत नाही."

एकदा मी तिच्याकडे बसले होते. मी शाळेत भूगोल शिकवते, गुरुवारी अर्धी सुट्टी असते, म्हणून गुरुवारची दुपार आत्याची. तिनं नवं रेसबुक उघडलं, दोन-चार पानं मागेपुढे केली आणि म्हणाली, "ह्या ट्रेनरच्या घरी लग्न आहे."

"कशावरून?"

"बघ ना. सगळे घोडे ह्या एकाच रविवारी पळवतोय. ज्याला अजून विश्रांती हवी तोसुद्धा काढलाय. आणि पुढचे तीन रविवार एकही नाव नाही. आजारी माणूस असं करत नाही, तो घोडे हळूहळू कमी करतो. ह्याला हात मोकळे हवेत."

मी बाबांना विचारलं. त्या ट्रेनरच्या मुलीचं लग्न होतं, आमंत्रण आमच्याच टेबलावर पडलं होतं. मी तोंडात बोटं घातली. तेव्हापासून मला आत्याची थोडी भीतीच वाटते. हिच्यासमोर माणसानं काय लपवायचं?

आता बाबांचं सांगते. माझे बाबा ट्रेनर. आत्याचा धाकटा, एकुलता एक भाऊ. ज्यांच्या एका हाकेनं अख्खा तबेला सरळ उभा राहतो, त्यांना ती बाळ्या म्हणते. बाबांचं आत्याच्या विद्येबद्दलचं मत अगदी थोडक्यात होतं: कागद पळत नाही. ते लिलावाला गेले की सूचीपत्रक खुर्चीवर ठेवून त्याच्यावर बसायचे. शिंगराला समोरून चालत येताना बघायचे, मग पाठमोरं जाताना, मग बाजूनं, आणि पुन्हा बाजूनं. खांदा कसा सुटतो, मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या किती पुढे पडतो, हे बघताना त्यांना हाक मारलेली ऐकू यायची नाही. बापाचं नाव कोणी ऐकलं नाही अशी शिंगरं त्यांनी उचलली आणि मोठमोठ्या घोड्यांच्या पुढे काढली. मी लहानपणी ते बघितलंय. घोडा शेवटच्या वळणावरून सरळ सुटायचा आणि मी बाकावर उभी राहून ओरडायचे.

बहीणभावाचा वाद जेवणाच्या ताटावर चालायचा, तोवर मजा होती. एकदा तो छापून आला. बाबांकडे एक करडी घोडी होती, आणि तिला त्यांनी वर्षातल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या शर्यतीत घातलं. आत्यानं सदरात लिहिलं, करडीची आई आणि आजी दोघीही छोट्या पल्ल्याच्या. शेवटच्या वळणानंतर हिच्यात काही उरणार नाही. ट्रेनरला पाय दिसतात, रक्त दिसत नाही. करडी वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. वळणानंतर एकेक घोडा तिला मागे टाकत गेला. करडीच्या मालकानं साप्ताहिक बाबांच्या टेबलावर आपटलं आणि आपले सगळे घोडे दुसऱ्या तबेल्यात नेले. त्या दिवसापासून बाबांनी बहिणीशी बोलणं टाकलं. आत्याही मानी. चुकलं असतं तर तिनं माफी मागितली असती, पण बरोबर आल्याची माफी कशी मागायची हे तिला कळेना. मग मी मधली टपालपेटी झाले. आई आधीच गेलेली, घरात बाबा आणि मी दोघंच. आत्याची खुशाली मी न विचारता सांगायची आणि बाबांनी न ऐकल्यासारखं करून ऐकायची.

असं बरीच वर्षं चाललं. आणि मग तो गुरुवार आला.

मी आत्याकडे पोचले तर साप्ताहिकाचे संपादक आधीच येऊन बसलेले. गोल गरगरीत गृहस्थ, आनंद झाला की गुडघ्यावर थापा मारतात. तेव्हा थापांवर थापा चालल्या होत्या.

"बाई, अभिनंदन! तुमच्या भावानं शेवटी हात टेकले!"

"म्हणजे?"

"अहो, दोन वर्षं बघतोय मी. त्यांनी घेतलेलं एकेक शिंगरू बघा. सगळी पूर्वी त्यांच्याच तबेल्यात असलेल्या घोड्यांची सख्खी भावंडं, नाहीतर त्यांच्याच घोड्यांची पोरं. आणि घालतात कुठे? आई ज्या पल्ल्यावर पळायची, बरोब्बर त्याच पल्ल्यावर. तुमचं सदर समोर ठेवून घोडे घालावेत तसं! जिंकताहेतही बऱ्यापैकी. पुढच्या अंकात मोठा लेख टाकू. भाऊ बहिणीच्या शाळेत!"

मला वाटलं, आत्या आता खुशीत येऊन मला चहा टाकायला सांगेल.  पण ती उठली आणि कपाटातून मागची रेसबुकं काढून पलंगावर पसरायला लागली. संपादक आणखी काही बोलत होते, तिचं लक्ष नव्हतं. ती पानं उलटत होती, मागे जात होती, पुन्हा पुढे येत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"संपादकसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही आता जा. लेख नको."

ते गेले, जरा दुखावूनच. आत्यानं मला जवळ बसवलं.

"बाळ्या गाडी चालवतो का हल्ली?"

"नाही. सोडली. तबेल्यातला मोतद्दार नेतो-आणतो. बाबा म्हणतात, आता कशाला ती दगदग."

"जेवताना काही सांडतं?"

मला हसू आलं. "आत्या, तुला कसं कळलं? पाण्याचा पेला रोज लवंडतो. वय झालं आता."

"दारं?"

"काय दारं?"

"अर्धवट उघडं दार असलं की आपटतो का?"

मी हसायची थांबले. गेल्याच आठवड्यात कपाटाच्या उघड्या दारानं बाबांची भुवई फुटली होती आणि दार उघडं टाकल्याबद्दल मी बोलणी खाल्ली होती.

"बाळ्याला दिसत नाही," आत्या म्हणाली. "समोरचं दिसत असेल. बाजूचं दिसत नाही."

"काहीतरीच काय! रोज पेपर वाचतात ते. मी एका घरात राहते त्यांच्याबरोबर."

"तू त्याला बघतेस. मी त्यानं काय ठरवलं ते बघते." तिनं माझ्यापुढे पानं ओढली. "हे बघ. शिंगरू डोळ्यांनी पारखणारा माणूस कागदावर कधी येईल? डोळ्यांनी पारखता येईनासं झालं तरच. म्हणून ओळखीच्याच घोड्यांची पोरं घेतो. ती कशी चालतील ते त्याला न बघता माहीत आहे. बरं, हे बघ. त्याच्या प्रत्येक घोड्याच्या नावापुढे आता छापलंय, नाकावर लोकरीची पांढरी पट्टी. पूर्वी असल्या पट्ट्यांना तो हसायचा. आता लांबून आपला घोडा ओळखायला लागते. आणि हे. ज्या शर्यतीत गर्दी, तिथून नाव काढून घेतो. पाच-सहाच घोडे असतील तिथेच ठेवतो. घोळक्यात त्याला काही सापडत नाही गं. आणि जॉकी! प्रत्येक घोड्याला वेगळा जॉकी शोधणारा माणूस, दोन वर्षं एकच धरून बसलाय. जो खाली उतरला की सगळं सविस्तर सांगतो, तो."

तिनं रेसबुक मिटलं.  मी ज्या माणसाला रोज सकाळी चहा देते, ज्याच्या सदऱ्याची बटणं लावते, त्याच्या डोळ्यांपुढे अंधार सरकत होता, आणि तो मला दिसला नव्हता. तिनं तो गावाच्या दुसऱ्या टोकाला बसून, घोड्यांच्या नावांतून वाचला होता.  हे ज्ञान म्हणायचं की माया, मला आजही ठरवता येत नाही.

आत्यानं त्या आठवड्याचं सदर लिहिलंच नाही. असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी तिला सरावाच्या मैदानावर नेलं. बाबा कठड्याला टेकून उभे होते, हातात थांबघड्याळ. शेजारी घोड्यांना खरारा करणारा म्हातारा मोतद्दार. घोडे एकामागून एक येत होते, एकेकटे, जोडीनं नाही. नाकपुड्यांतून वाफ, टापांचा आवाज आधी जमिनीतून पायांना कळायचा आणि मग कानांना. आत्या घोड्यांकडे बघतही नव्हती. ती चालत गेली आणि बाबांच्या डाव्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, जाऊन उभी राहिली.

बाबांनी मान हलवली नाही. मोतद्दारानं तिला पाहिलं आणि त्याचा आ वासला. आत्यानं ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात एक तांबडा घोडा गेला, आणि मोतद्दार सवयीनं म्हणून गेला, "तांबडा. चारही पाय साफ. मान जराशी उजवीकडे."

"हं," बाबा म्हणाले.

मग एक काळी घोडी गेली. "काळी. साफ. आज मन लावून पळतेय."

"हं."

मी मागे उभी होते. डोळ्यांतलं पाणी थांबेना. हा म्हातारा किती दिवस बाबांना त्यांचेच घोडे सांगत होता कोण जाणे.

"बाळ्या," आत्या म्हणाली.

बाबा इतके दचकले की घड्याळ हातातून पडलं. त्यांनी अख्खं अंग वळवलं, तेव्हा कुठे ती त्यांना दिसली.  मग त्यांच्या चेहऱ्यावर राग चढला.

"आलीस? ये. तुझंच खरं झालं ना शेवटी? तुझ्या कागदावर आलो मी. लिही आता, मोठ्या टाइपात लिही."

"मला खरं व्हायचं नव्हतं रे," आत्या म्हणाली. "तेव्हाही नव्हतं. कधीपासून दिसत नाही तुला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी काही सांगितलेलं नव्हतं. मग त्यांनी मोतद्दाराकडे पाहिलं. त्यानं 'मी नव्हे' म्हणत कान पकडले.

"कोणी सांगितलं नाही," आत्या म्हणाली. "तूच सांगितलंस. दोन वर्षं दर रविवारी सांगतोयस."

 बाबा कठड्याला पाठ टेकून उभे राहिले. मोतद्दार हळूच घोड्यांकडे सटकला.

"झापडं लागलीत मला, ताई," ते म्हणाले. आठ-दहा वर्षांनी तिला ताई म्हणाले. "समोर नळी लावल्यासारखं तेवढं दिसतं. बाकी नाही."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"का?"

"डॉक्टरनं सांगितलं की ते खरं होतं. तोपर्यंत माझं मला माहीत. आणि बाहेर कळलं तर? आंधळ्या ट्रेनरकडे कोण घोडा ठेवेल? संध्याकाळपर्यंत तबेला रिकामा होईल. काय करू मग मी? घरी बसून पेले लवंडत राहू?"

"आणि उरलेलंही गेलं तर?"

"जाईल. आप्पांचं गेलं तसं जाईल. वयाचं आहे ते."

आत्या काहीतरी बोलायला जात होती, ती तशीच थांबली. आप्पा म्हणजे या दोघांचे वडील. मी त्यांना पाहिलेलं आठवत नाही. घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं की ते फार वेंधळे होते, चौकटीला खांदे आपटत चालायचे आणि शेवटी शेवटी कोणाचा तरी हात धरून.

"आप्पा," आत्या म्हणाली. "आणि आप्पांची बहीण. तिलाही हात धरून नेत होते. आपण लहानपणी तिच्यासमोर बोटं नाचवायचो." तिनं तोंडावर हात ठेवला. "घोड्यांच्या सात पिढ्या मला तोंडपाठ रे बाळ्या. आपली मागची एक पिढी मी वाचली नाही. वय नव्हे हे. रक्त आहे. चल. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल."

"मी येणार नाही."

"बाळ्या!"

"सांगितलं ना, येणार नाही!"

आत्या मानी खरी, पण हट्टी भावापुढे किती वेळ उभं राहायचं हे तिला ठाऊक होतं. तिनं पाठ फिरवली आणि तरातरा निघाली. डाव्या हाताला पेंढ्याची ढकलगाडी उभी होती. कोणालाही दिसावी अशी, चांगली पिवळ्या रंगाची. आत्या सरळ तिच्या दांड्यावर जाऊन आदळली. गाडी कलंडली, पेंढा सांडला, आणि आत्या गुडघा धरून खाली बसली.

मी धावले. "लागलं का गं?"

"नाही नाही. मेली कुठे आणून ठेवतात गाड्या!"

बाबा जागचे हलले नव्हते. त्यांना गाडी दिसली नसावी, पण आवाज ऐकला होता.

"ताई, काय होतं ते?"

"काही नाही. ढकलगाडी."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या. का?"

 बाबा हात पुढे करून, कठड्याचा आधार घेत, तिच्याजवळ आले. त्यांचा आवाज पार बदलला होता. आजारी घोड्याच्या मानेवर हात ठेवून बोलायचे तसा झाला होता.

"ताई, तू आणि मी सख्खी ना?"

"हा काय प्रश्न आहे?"

"आई एक, बाप एक. एका घोड्याचा पाय असा अधू झाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडाबद्दल तू सदरात काय लिहिशील?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली.  जन्मभर घोड्यांचं रक्त वाचणाऱ्या बाईला त्या रक्तात आपलंही नाव आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते त्या माणसानं, जो सूचीपत्रकावर बसायचा.

"माझे डोळे चांगले आहेत," ती अखेर म्हणाली. "बारीक टाइप वाचते मी अजून."

"बारीक टाइप मीसुद्धा वाचतो," बाबा म्हणाले. "ऊठ. मी येतो डॉक्टरकडे. माझ्यासाठी नाही येत. तुझ्यासाठी येतो."

डोळ्यांच्या दवाखान्यात लाकडी बाक होते आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दोघांनीही शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि एकमेकांकडे विजयी नजरेनं पाहिलं. मला हसावं की रडावं कळेना. मग डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, आत प्रकाश टाकून पाहिलं आणि एकेकाला एका मोठ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी ठेवून बसवलं. आत कुठेही ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. बाबांचं बटण वाजायचं, आणि मग कितीतरी वेळ वाजायचं नाही. त्या शांततेत ठिपके लुकलुकत असणार, हे मला ठाऊक होतं. आत्यालाही ठाऊक होतं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले.

मग आत्याची पाळी. तिचं बटण बऱ्यापैकी वाजत होतं. अधूनमधून मध्येच एक दीर्घ थांबा यायचा. बाबा बाकावर बसून मान खाली घालून तो थांबा ऐकत होते, घड्याळाशिवाय वेळ मोजणारा माणूस ऐकतो तसे.

डॉक्टरीणबाईंनी काही झाकून ठेवलं नाही. "काचबिंदू आहे. दोघांनाही. आजोबा, तुमचं बरंच गेलंय, आणि गेलेलं परत येणार नाही. पण जे उरलंय ते नियमित थेंब घातले तर राखता येईल. आणखी वर्षभर आला नसतात तर तेही बोलता आलं नसतं." मग त्या आत्याकडे वळल्या. "तुमचं डाव्या डोळ्यात सुरू झालंय. जेमतेम सुरुवात. तुम्हाला तर काहीच त्रास जाणवत नसणार. कोणी पाठवलं तुम्हाला?"

आत्यानं बाबांकडे बोट दाखवलं.

"आणि तुम्हाला?"

बाबांनी आत्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाई दोघांकडे आलटूनपालटून बघत राहिल्या. मी तर केव्हाच बघत राहिले होते. ज्या वादापायी यांनी इतकी वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, त्याच वादातल्या विद्येनं दोघांनी एकमेकांचे डोळे वाचवले होते. मी देवाधर्माची बाई नाही. पण त्या खोलीत मला हात जोडावेसे वाटले, आणि कोणासमोर जोडायचे ते कळेना.

"तबेल्याचं मी मालकांना स्वतः सांगणार," बाबा म्हणाले, कोणी विचारलं नव्हतं तरी. "ज्यांना न्यायचेत त्यांनी न्यावेत. जे राहतील त्यांचे घोडे मोतद्दार बघेल, मी ऐकेन, आणि ताई कुठे घालायचे ते सांगेल."

"मी घोड्याजवळ येणार नाही," आत्या ताबडतोब म्हणाली.

डॉक्टरीणबाई कागदावर थेंबांची नावं लिहीत होत्या. न बघताच त्या म्हणाल्या, "घराण्यात आहे हे. मुलंबाळं असतील तर त्यांनाही तपासून घ्या."

 दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. आत्यानं मान वळवून, बाबांनी अख्खं अंग वळवून.

"मला अगदी स्वच्छ दिसतं," मी म्हणाले.

 बाबांनी चाचपत माझा दंड धरला आणि मला त्या यंत्रापुढे नेऊन बसवलं.  मी हनुवटी टेकवली, बटण हातात घेतलं आणि ठिपके लुकलुकायला लागले. मी जिवाच्या आकांतानं बटण दाबत होते. मला ठिपक्यांपेक्षा मागची शांतता जास्त ऐकू येत होती.  एकदा वाटलं, एक ठिपका सुटला.  मग पुढचा आला आणि मी दाबलं.

निकालाचा कागद यंत्रातून बाहेर आला. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, पुन्हा पाहिला, माझ्या डोळ्यांत प्रकाश टाकला. "हिचं काही नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळे स्वच्छ आहेत. वर्षातून एकदा दाखवत जा, एवढंच."

स्वतःचा निकाल ऐकताना बाबांची पापणीही हलली नव्हती. आता ते बाकावर बसले, दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. 

आत्या त्यांच्या शेजारी, डाव्या बाजूला बसली होती. तिनं पिशवीतून रुमाल काढला, हात पुढे करणार होती, आणि थांबली. मग ती उठली, गुडघा दुखत होता तरी वळसा घालून त्यांच्या अगदी समोर आली, आणि त्यांनी मान वर करेपर्यंत रुमाल धरून तशीच उभी राहिली.